दसऱ्याची एमओटी
इथल्या थंडीत खोबरेल तेल गोठतं, म्हणून आज बाटली रेडिएटरवर ठेवली आणि तो वास आला. बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही इंग्लंडमधल्या रीडिंग शहरात नवे होतो, बाबा पुण्याहून राहायला आले होते, आणि नेमकी दसऱ्यालाच माझ्या जुन्या क्रूझर मोटारसायकलची एमओटी, म्हणजे वार्षिक तपासणी होती. एरवी गाडी ठणठणीत होती. सकाळी बाबांनी तिला धुऊन, हळदकुंकू लावून शेवंतीचा हार घातला. त्यांना मागे बसवून निघालो. पहिल्याच राउंडअबाउटला पुढचा ब्रेक दाबला, तर गाडी थांबेचना. मागच्या ब्रेकवर सगळा जोर दिला तेव्हा समोरच्या बसपासून हातभर अंतरावर कशीबशी थांबली. "अरे, जपून!" बाबा ओरडले. गॅरेजमध्ये टेस्टरने पुढचं चाक रोलरवर फिरवून ब्रेक दाबला. मीटरचा काटा हललाच नाही. ब्रेक ज्या लोखंडी चकतीला पकडतो, त्या डिस्कवरून त्याने बोट फिरवून हुंगलं. "याला तेल कोणी लावलं? मरायचंय का?" काचेपलीकडे बाबा कौतुकाने गाडीकडे बघत होते. त्यांच्या स्कूटरला डिस्क कधी नव्हतीच. धुतल्यावर चढलेला तांबूस गंज त्यांना बघवला नसणार, म्हणून खोबरेल चोळलं असणार. "मीच," मी म्हणालो. बाहेर येऊन बाबांना सांगितलं, "टायर झिजलाय, म्हणून फेल केली." गाडी तिथेच ठेवून बसने परतताना त्यांनी एकदाच बोटं नाकाशी नेली आणि हात खिशात घातला. त्यानंतर गाडी कधी फेल झाली नाही. बाबा पुढेही दसऱ्याला यायचे, पण हार माझ्या हातात देऊन लांब उभे राहायचे. गाडी अजून आहे. आज दसरा, पण हार द्यायला कोणी नाही.