सासऱ्यांचा चुन्याचा प्रश्न

सासूबाई आणि सासरे साताऱ्याहून आमच्याकडे वॉटफर्डला राहायला आले, तेव्हा डॉक्टरांनी सासऱ्यांची तंबाखू नुकतीच बंद केली होती. डॉक्टरांनी नुसतं सांगितलं होतं, बंद केली ती सासूबाईंनी. विमानात चढण्याआधी त्यांनी नवऱ्याचे खिसे स्वतः तपासले होते. बाबा दिवसभर बडीशेप चघळत इथल्या हवेला नावं ठेवायचे. सून स्लाऊला कसल्याशा कंपनीत जाते, यापलीकडे माझ्या नोकरीत त्यांना रस नव्हता.

एकदा जेवताना मी सहज म्हणाले, "आम्ही फ्लूच्या लशीसाठी लागणारा माल झाडांच्या पानांत तयार करतो. तंबाखूच्या कुळातली झाडं असतात."

बाबांचा घास हातातच राहिला. "तंबाखू? इथं? किती?"

"ग्रीनहाउस भरून."

त्या दिवसापासून बाबांना विज्ञानाची गोडी लागली. मीही उत्साहानं सांगायचे. विषाणूच्या बाहेरच्या कवचाचं जनुक एका जिवाणूत घालतात. तो जिवाणू मिसळलेल्या पाण्यात रोपं उलटी बुडवून हवा ओढून घेतात, की पाणी पानांत शिरतं. मग काही दिवसांत पानं आपणहून ते कवच बनवायला लागतात. नुसतं पोकळ कवच, त्यानं आजार होत नाही. शेवटी पानं दळून तेवढंच गाळून काढायचं.

"दळून?" बाबा हळहळले. "वाळवत नाही?"

पुढे कंपनीचा फॅमिली डे आला, तेव्हा मी सासूबाई आणि बाबा दोघांनाही घेऊन गेले. जनुक घातलेली झाडं पाहुण्यांना काचेतूनच पाहायची होती, पण साध्या रोपांच्या खोलीत आत जाता येत होतं. पांढऱ्या कोटात बाबा एकदम प्राध्यापक दिसत होते. माझी बॉस, एक उंच, गंभीर स्कॉटिश बाई, स्वतः सगळं दाखवत होती. बाबांनी रोपं निरखली आणि माझ्या कानाशी लागले.

"हिला विचार, याला चुना चालतो का?"

"काय म्हणाले ते?" बॉसनं विचारलं.

माझ्यातला वात्रटपणा उसळला. "ते विचारतायत, पानांचा रस काढताना तो फार आम्लधर्मी होऊ नये म्हणून काय करता?"

बॉसचा चेहरा उजळला. "काय सुंदर प्रश्न!" म्हणत ती बराच वेळ बोलत राहिली. बाबा मान डोलवत होते.

"काय म्हणाली?"

"चालतो म्हणाली. थोडा."

"मग एक पान माग ना. खिशात घालतो."

"पानं इथून बाहेर जाऊ नयेत म्हणून काय काळजी घेता, असं विचारतायत," मी बॉसला सांगितलं.

ती आणखीच खूश झाली. तिनं दुहेरी दारं दाखवली, उरलेला पाला वाफेनं निर्जंतुक करून टाकायचं यंत्र दाखवलं. एवढा पाला फुकट जाताना पाहून बाबांचा जीव तुटत होता.

सासूबाईंनी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं होतं, हे मला त्या क्षणी आठवायला हवं होतं. त्या पुढे झाल्या आणि खणखणीत इंग्रजीत म्हणाल्या, "मॅडम, माझ्या नवऱ्याला तंबाखू खायची आहे. आणि माझी सून तुम्हाला बनवते आहे."

बॉसनं माझ्याकडे पाहिलं. मग ती इतकी हसली, की तिला चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"ही खायची तंबाखू नाहीच," ती सासूबाईंना म्हणाली. "तिची ऑस्ट्रेलियातली रानटी बहीण आहे. सांगा त्यांना, अजिबात मजा येणार नाही."

सासूबाई बाबांकडे वळल्या. "अहो, त्या म्हणतायत, हे पान तोंडात घातलं की दात पडतात."

बाबांनी हात झटकन मागे घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "खरं का गं?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नव्हती.

"हो बाबा," मी म्हणाले. "पुढचे आधी."