कानापर्यंत कडू

आमच्या लॅबच्या दारावर लाल अक्षरात पाटी होती, 'आत काहीही खाऊ नये'. आणि बरोब्बर त्या पाटीखाली उभ्या राहून कौतिकाबाई पानं चघळायच्या! रोज! चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात त्या लॅब अटेंडंट होत्या. आम्ही एमएस्सीची पोरं औषधी झाडं वाळवून, दळून त्यातलं गुणाचं द्रव्य शोधायचो. पण कुठलंही झाड आलं की आधी बाईंच्या तोंडात. चावायचं, डोळे मिटायचे, थुंकायचं, चूळ भरायची आणि निकाल द्यायचा.

"काऊन खाता बाई? पाटी दिसत नाई का?" मी पहिल्याच दिवशी टोकलं होतं.

"पाटी आतल्यांसाठी हाये. मी भाईर उभी हावो."

एकदा पावडर स्पिरिटमध्ये भिजली की मात्र बाई हात वर करायच्या. "दारूत बुडलं का मंग तुमचं. तोवर माहं."

त्यांचं माहेर चामोर्शीकडचं. त्यांची माय मार्कंड्याच्या जत्रेत जडीबुटी विकायची, आणि गिऱ्हाईकाला देण्याआधी लेकीला चाखायला लावायची. कडूपणा मोजायची बाईंची पट्टी तिथलीच. 'टोकाले' म्हणजे फक्त जिभेच्या टोकाला लागलं, माल हलका. 'मुळाले' म्हणजे घशापर्यंत गेलं, चालेल. आणि 'कानापर्यंत' म्हणजे एक नंबर! खोटं वाटतं ना? चांगलं भुईनिंब चावून बघा, खरंच कानाच्या पाळीला झिणझिण्या येतात.

माझा प्रोजेक्ट याच भुईनिंबावर होता. तापावर देतात ते. त्यातल्या कडू द्रव्याचं नाव अँड्रोग्राफोलाइड. बाई म्हणायच्या, "नाव घेऊन होईपर्यंत ताप उतरन."

तर झालं असं, की गावोगाव फिरायचा कंटाळा करून मी बाजारातूनच वाळलेल्या जुड्या घेऊन आले. बाईंनी चाखलं. "टोकाले. काड्याच हायेत निऱ्या. पानं कुठी गेली?" मी ऐकलंच नाही. दळलं, भिजवलं आणि काचपट्टीवर थेंब लावले. ही चाचणी सोपी असते. पट्टीच्या एका बाजूला शुद्ध द्रव्याचा थेंब, शेजारी आपला. पट्टी द्रावणात उभी केली की थेंब वर चढतात. शुद्ध थेंबाचा डाग जिथे थांबतो, तिथेच आपलाही डाग दिसला तर द्रव्य आहे.

माझ्या बाजूला काहीच नाही. कोरं! दोनदा केलं, तिसऱ्यांदा केलं, कोरंच. परवा प्रोजेक्ट सरांना द्यायचा. मग मी नवी पट्टी घेतली, शुद्ध द्रव्याच्या बाटलीत काचेची नळी बुडवली आणि तो थेंब माझ्या बाजूला लावला.

मागे नळाचा आवाज थांबला. बाई हातात धुतलेला बीकर घेऊन उभ्या होत्या.

"हा थेंब कोनाचा?"

मी नळी खाली ठेवली.

"त्या बाटलीतला ना? तुह्या झाडात नाई, तं नाई म्हन. उद्या कोनी तापानं फणफणून राह्यला असन, त्याले ह्या काड्या चांगल्या म्हून देशील? त्याच्या तोंडात कोन थेंब टाकन?"

मला रडू फुटलं. बाईंनी बीकर उपडा ठेवला. "रडू नोको. रविवारी चाल माह्यासंग."

सरांना मी कोरी पट्टी दाखवली, बाजारातला माल सांगितला. थेंबाचंही सांगितलं. त्यांनी आणखी पंधरा दिवस दिले. रविवारी एसटीनं बाईंच्या माहेरी गेलो. फुलं यायच्या आतली, कडूपणा भरलेली झाडं त्यांनी निवडून दिली, आणि दर वाफ्यात दोन उभी सोडली. "हे बी धरतीन. समदंच नेलं तं पुढच्या साली काय, पट्टी चाटशील?" पानं सावलीत, बाजेवर वाळवली. बाईंनी चाखलं. "कानापर्यंत!" आणि पट्टीवर डाग आला, असा गडद, की मी बाईंना मिठीच मारली. "अवो, बीकर फुटन!"

आता मी औषधं तपासायच्या नोकरीत आहे. मोठं मशीन आहे. मागच्या वर्षी कळलं, बाईंना घशाचा कॅन्सर झालाय. भेटायला गेले. रेडिएशनचे शेक घेऊन घेऊन त्यांची चव पार गेली होती.

"भाच्याकडून तुह्यासाठी मागवलं," म्हणत त्यांनी उशाची जुडी माझ्या हातात दिली. भुईनिंब. "मले तं आता माती अन् मीठ सारखंच. तू चाख. कुठवर गेलं?"

मी पान चावलं. बाई माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होत्या. कानापर्यंत म्हणाले असते तर त्यांना किती बरं वाटलं असतं! कोण तपासणार होतं?

"टोकाले, बाई."

बाई हसल्या, आवाज न करता. "फुलं येऊन गेली असतीन. त्या बह्याड भाच्याले सांगतलं होतं." आणि माझा हात धरून म्हणाल्या, "मले वाटलं, माह्या दुखन्यापायी थेंब टाकशील."

त्यानंतर महिनाभरातच बाई गेल्या.

ती जुडी मी मशीनला दिलीच नाही. माझ्या टेबलावर बरणीत आहे. लेबलवर झाडाचं नाव, गावाचं नाव, आणि खाली लिहिलंय: चव, टोकाले.