काळ्या रंगाखालचा दांडा

जुन्या मोटारींचा नाद असलेली माणसं तिला गंजबाई म्हणत. हे नाव तिला सख्ख्या धाकट्या भावानेच चिकटवलं होतं, लाडाने की चेष्टेने हे त्यालाही सांगता आलं नसतं. दुकान वडिलांचं. ज्या गाड्या बनवणारे कारखानेच कधीचे बंद पडले, त्यांचे सुटे भाग तिथे मिळत. वडील गेल्यावर भाऊ पुढे काउंटरवर बसला आणि ती मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. गोड बोलणं हा भावाचा प्रांत, लोखंड हा तिचा. वय छप्पन्न, लग्न केलेलं नाही. त्याबद्दल कुणी विचारलंच तर ती हातातला तारेचा ब्रश असा काही करकरा चालवायची, की विचारणाऱ्याला स्वतःचाच आवाज ऐकू येईनासा व्हायचा.

माल यायचा तो बंद गोदामांतून, मोडीत निघालेल्या गॅरेजांतून. खोकं कोरं करकरीत आणि आतला भाग गंजून लाल. कुणीतरी चाळीस वर्षांपूर्वी तेलकट कागदात गुंडाळताना कंटाळा केलेला असायचा. त्या न पाहिलेल्या माणसालाही ती मनसोक्त शिव्या घालायची. मग कामाला लागायची. टबात धुण्याच्या सोड्याचं पाणी, त्यात तारेने लटकवलेला भाग, समोर एक टाकाऊ लोखंडी पट्टी आणि दोन्हींना बॅटरी चार्जरच्या वायरी. दिवसभर बुडबुडे येत आणि गंज काळा चिखल होऊन सुटायचा. बाहेर काढल्यावर ताबडतोब धुवायचं, गरम हवेने सुकवायचं, तेल लावायचं. मध्ये चहाला गेलं की परत येईतो लोखंडावर नारिंगी झाक चढलीच म्हणून समजा.

पण तिचं खरं काम त्याच्या पुढचं. वरवरचा गंज निघतो, आत शिरलेला निघत नाही. साफ केलेला प्रत्येक भाग ती उजेडात धरून बोटाने चाचपायची. खड्डा लागला की पोलादी टोच्या त्यात रुतवून बघायची. टोच्या अडला तर भाग पास. आत शिरला तर त्यावर खडूची फुली, आणि भाग शेडमागच्या ढिगात.

त्या सकाळी दातांचे डॉक्टर दुकानाच्या दारात गाडी घेऊन आले. डॉक्टर निवृत्त होते. आपल्या वडिलांची जुनी मोटार त्यांनी याच दुकानातून भाग नेऊन, नऊ वर्षं खपून उभी केली होती. गाडी जरा डावीकडे ओढते आहे, बाईंनी एक नजर टाकावी, एवढंच त्यांचं म्हणणं. मागच्या सीटवर त्यांची नात पाय हलवत बसली होती. दोघं गावाबाहेर टेकडीवरच्या तळ्याकडे निघाले होते.

बाईने नातीला खाली उतरवलं, पुढची चाकं उचलली, खाली गोणपाट टाकलं आणि त्यावर आडवी झाली. दोन्ही चाकांना जोडणारा आडवा दांडा काळाभोर चमकत होता. फार चमकत होता. तिने सवयीने बोट फिरवलं. मधोमध, खालच्या अंगाला, रंगाखाली एक खळगा लागला. टोच्या आत घालून डावीकडे फिरवल्यावर पडतो तसा. बाई डावखुरी होती. हे भोक तिने स्वतः पाडलं होतं, पावसाळ्याच्या आधी, आणि दांड्यावर फुलीही तिनेच मारली होती.

खिशातला टोच्या काढून तिने रंग खरवडला. पापुद्रा निघाला. खाली लाल भुगा, आणि भुग्याच्या खाली केसाएवढी चीर. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती काही क्षण तशीच पडून राहिली, कारण उठली असती तर डॉक्टरांच्या नातीसमोर तोंडातून काय निघालं असतं याचा तिला भरवसा नव्हता.

बाहेर येऊन तिने डॉक्टरांकडे किल्ली मागितली. का, असं त्यांनी विचारल्यावर तिने त्यांना वाकून चीर दाखवली. डॉक्टरांनी चिरेवरून नख फिरवलं.

"कीड न काढता वरून सिमेंट भरलंय," ते हळूच म्हणाले. "माझ्या धंद्यात यासाठी माणसाचा परवाना जातो."

बाई सरळ दुकानात गेली. भावासमोर दोन गिऱ्हाइकं उभी होती. तिने त्यांना आज दुकान बंद आहे असं सांगितलं आणि शटर अर्ध्यावर ओढलं. भावाने तिचा चेहरा पाहिला आणि त्याच्या हातातला फोन आपोआप खाली गेला.

डॉक्टरांच्या दांड्याचं नाव काढताच आधी त्याने कानांवर हात ठेवले. मग म्हणाला, चुकून ढिगातला भाग आला असेल. चुकून काळा रंगही लागला का, असं तिने विचारल्यावर त्याचा सूर बदलला. या गाड्या काय रोज पळतात, महिन्यातून एकदा मिरवायला निघतात, तू दहातले चार भाग फेकून देतेस, असला माल आता शोधून सापडत नाही, लोक हात जोडून मागतात. तो बोलत राहिला. गोड बोलून गिऱ्हाइकाला गुंडाळायचा तोच सूर तो तिच्यावर चालवून बघत होता, आणि हे लक्षात आल्यावर ती आणखी पेटली.

"महिन्यातून एकदा निघते, तेव्हा मागे कोण बसतं ते बघून ये," ती म्हणाली. "बाहेर उभी आहे. सात वर्षांची आहे."

तो गेला नाही. अर्ध्या शटरखालून त्याला नातीचे पांढरे मोजे दिसत होते. तो त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"किती विकलेस?"

उत्तर आतल्या दारातून आलं. भावजय तिथे कधी येऊन उभी राहिली ते दोघांनाही कळलं नव्हतं. "सहा," ती म्हणाली. "दर रविवारी गच्चीत रंगवायचे. मला वास यायचा, वन्सं. मी मूग गिळून बसले."

बाईला नवऱ्याला पाठीशी घालणारी भावजय चालली असती, तिच्यावर तोंड तरी टाकता आलं असतं. या कबुलीचं काय करायचं ते तिला कळेना. तिने भावाला फोन उचलायला लावला. एकेकाला लाव आणि काय विकलंस ते तुझ्या तोंडाने सांग, मी इथे बसले आहे. तो एकेक फोन लावत गेला. तिसऱ्या फोनला त्याचा आवाज फुटला. तिला दया आली नाही. लहानपणी पडला की ती त्याला कडेवर घेऊन सगळं घर फिरायची, ते आठवलं आणि त्याचाही राग आला.

चौघांनी भाग परत आणून दिले. त्यांत डॉक्टर धरलेच. त्यांच्यासाठी तिने नवा दांडा घडवून घेतला आणि तो बसेपर्यंत किल्ली दिली नाही. पाचवा एक बंगलेवाला. बाईने फोन आपल्या हातात घेतला तेव्हा तो म्हणाला, माझ्या मेकॅनिकने तपासलंय, बायकांनी मला ब्रेक शिकवू नयेत. ती दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात गेली, परवानगीची वाट न बघता गाडीखाली शिरली आणि ब्रेकच्या दांडीत त्याच्या डोळ्यांदेखत टोच्या आरपार घातला. मग गोणपाट झटकून घरी आली.

सहावा भाग, तोही ब्रेकची दांडीच, सापडला नाही. तो कुणा येणाऱ्या-जाणाऱ्याने उचलला होता. हिरवी गाडी, गोल दिवे, याखेरीज भावाला काही आठवेना.

त्या आठवड्यात तिने शेडमागचा सगळा ढीग ग्राइंडरखाली घातला. प्रत्येक भागाचे दोन तुकडे केले. ठिणग्या उडत होत्या आणि ती भावाला बोलत होती, मग स्वतःला. फुली मारलेलं लोखंड वर्षानुवर्षं उघड्यावर ठेवलं होतं तिनेच. कधीतरी एखादी पट्टी कापून उपयोगी पडेल, या लोभाने. खडू तर हाताने पुसला जातो, हे तिला कळायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी भाऊ येऊन दारात उभा राहिला आणि मी धरू का म्हणाला. तिने मान वर केली नाही. तो परत गेला.

दुकान चालू आहे. आता पास झालेला भाग ती रंगाविना, नुसत्या तेलावर देते, गिऱ्हाइकाला उघड्या डोळ्यांनी बघता यावं म्हणून. भावाशी बोलते, पण कामापुरतं. हे आण, ते ने. भावजय मधल्या मध्ये दोघांचे निरोप नेऊन थकली आहे, आणि एकदा म्हणालीही, की आता पुरे करा वन्सं. बाई म्हणाली, हिरवी गाडी सापडू दे, मग पुरे करते.

परवा भाजी घेताना तिला चौकात एक जुनी हिरवी मोटार दिसली. सिग्नल सुटायच्या आत ती पिशवी तिथेच टाकून धावली, बॉनेटवर थाप मारून गाडी थांबवली आणि भर रस्त्यात खाली वाकली. मागून हॉर्नचा कल्लोळ झाला. दांडी कोरी होती, खणखणीत होती, तिच्या दुकानातली नव्हतीच. चालक काच खाली करून तिला वाट्टेल ते बोलला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग त्याला म्हणाली, मागच्या चाकाच्या कमानीला गंजाच्या खपल्या धरल्या आहेत, या महिन्यात घासून घ्या. आणि पिशवी उचलायला परत फिरली.