खानाच्या तंबूचा खांब

मागच्या शिवजयंतीला आमच्या मंडळाच्या नाटकात महाराज यायच्या आधीच खान गेला. रेती भरलेल्या पिंपात मी उभा केलेला बांबू कलला आणि अख्खा शामियाना खानाच्या अंगावर आला. खान म्हणजे माझा साळा, बायकोचा धाकटा भाऊ. आत तो धडपडत होता आणि बाहेर पोरं टाळ्या पिटत होती. त्यानंतर वर्षभर तो आमच्याकडे जेवायला आला नाही. बायको म्हणायची, "तुमाले एक बांबू उभा करता येत नाही?" मला ते फार लागलं. उभी हयात कारखान्यात क्रेनच्या मेंटेनन्समध्ये गेली, आणि अब्रू गेली ती बांबूपायी!

मंडळाचं अंगण सिमेंटचं, खड्डा खणायची सोय नाही. म्हणून यंदा खांबाला बैठकच करायचं ठरवलं. खाली लोखंडी प्लेट, तिच्यावर उभी नळी, नळीत खांब. कागदावर आठ मिलिमीटरची प्लेट पुरत होती. पण कारखान्यातली सवय, हिशेब झाला की वर "थोडं जास्त" ठेवायचंच. मी बारा केली. मग साळ्याचा चेहरा आठवला, वीस केली. नळीला चारी बाजूंनी तिकोनी आधार दिले ते वेगळेच. सुपेला बाजारातल्या वेल्डरनं चित्र उलटसुलट करून पाहिलं.

"एमा कोन मशीन लगही, भैया?" यावर कुठलं तरी मशीनच बसणार, असं त्याला वाटलं.

"तंबू," मी म्हणालो. त्यानं चित्र पुन्हा एकदा उलटं केलं.

बैठक अंगणात ठेवायला सहा माणसं लागली. साळ्याला निरोप धाडला. तो आला, खांबाला एक लाथ हाणली आणि अंगठा चोळत म्हणाला, "हालला तं याद ठेवजा, भाऊजी."

नाटक रंगात आलं आणि नेमका वारा सुटला. मागचा गडाचा पडदा उडून सायकलींवर जाऊन पडला. शामियान्याचं कापड फडफडायला लागलं. महाराजांनी हात पसरले, "या, खानसाहेब!" खानानं वर पाहिलं आणि महाराजांना सोडून खांबाला मिठी मारली.

महाराज दातओठ खात कुजबुजले, "अबे, कावून थांबून राहिला? इकडे ये ना!"

"वारा जाऊ द्या जी."

वारा काही जाईना. शेवटी महाराजच पुढे झाले आणि त्यांनी खान अन् खांब दोघांना एकदमच कवटाळलं. वाघनखं चालली. खान मेला, पण मिठी सोडेना, उभ्या उभ्याच मेला. मी कनातीमागून फक्त बैठकीकडे बघत होतो. ती तसूभरही हलली नाही.

तेवढ्यात प्रेतानं एक डोळा उघडला आणि सगळ्यांसमोर ओरडलं, "भाऊजी, पक्का आहे! ताईले सांगा, उद्या जेवाले येतो!"

मला रडूच फुटलं. शिवजयंतीला खानासाठी रडणारा माणूस आमच्या मंडळानं पहिल्यांदाच पाहिला.