सासूबाईंचे दात आणि मिक्सरचं झाकण

अडचण समोर आली की मी स्वतःला एकच विचारते: वर्षभराने हिचं काय उरणार? काही नाही, असं उत्तर आलं तर ती यादीत घ्यायची नाही. म्हणूनच घर आणि नोकरी दोन्ही वेळेवर चालतात, असं मी मैत्रिणींना ऐकवतही असे.

सासूबाईंचे उरलेसुरले दात पडले तेव्हा त्या म्हणाल्या, “कवळी बसवावी का गं?” दवाखान्याच्या खेपा, हिरड्यांचं दुखणं, आणि या वयात वापरणार किती? “बघू, आई,” म्हटलं, कडक भाकरीऐवजी त्यांना खिचडी सुरू केली आणि विषय मिटवला. त्याच महिन्यात मिक्सरच्या भांड्याचं झाकण सैल निघालं, तर नवी पेठेत दुकानदाराशी दोनदा भांडून बदलून आणलं. ते यादीत होतं.

एका रविवारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. शेजारच्या खोलीत सासूबाईंचा फोन स्पीकरवर चालू होता. वैरागची त्यांची धाकटी बहीण नातीच्या बाळाच्या बारशाला बोलवत होती.

“अक्का, गाडी पाठवते. ये की!”

“न्हाय गं. सूनबाईला लई कामं हायत. तिला टाकून कसं येऊ?”

“बोळक्याची लाज वाटती व्हय? माजी तरी कुटं बत्तिशी हाय!”

“हस, मेले. तुला कोण पाळणा म्हणायला सांगतंय? मला सांगत्यात. आता शब्दच फुटत न्हाईत, नुसती हवा जाती.”

“मग सुनेला सांग की.”

“सांगितलंय. बघते म्हणली. तिनं मनावर घेतलं की काम होतंय बघ.”

हातातला टॉवेल तसाच राहिला. आमच्याकडच्या प्रत्येक बारशाला पाळणा त्यांनीच म्हटला होता, माझ्या मुलाच्यासुद्धा. हल्ली त्या पूजेच्या वेळी गुणगुणत नाहीत, हे त्या क्षणी लक्षात आलं. कधीपासून, ते मला सांगता येणार नाही.

दुसऱ्याच दिवशी अर्धी रजा टाकून त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. माप घेतलं. कवळी तयार व्हायला वेळ लागेल, तोवर बारसं होऊन जाईल, असं कळलं.

परतताना रिक्षात त्या म्हणाल्या, “असू दे की. पुढच्या बारशाला म्हणंन. तुजी रजा मात्र वाया गेली.”

मी रिक्षावाल्याला वळणं सांगत राहिले. त्याला रस्ता माहीत होता.