उंबऱ्याखालची जोडवी

टीव्हीवर जुन्या वस्तू हुडकायचा तो रिॲलिटी शो असतो ना, त्यात काल एकाने आजोबांच्या काळातला मेटल डिटेक्टर आणला होता. लांब दांडा, खाली ताटाएवढी चकती, रंग उडालेला. एका पडक्या घराच्या पायाशी तो कुंईकुंई करायला लागला आणि मातीतून तांब्याचा गडू निघाला. "खजिना!" म्हणून सगळे नाचले.

मी ओरडले, "अरे, हरवलेला नाही तो! कुणीतरी पूजा करून ठेवलाय!"

सून हसली. "आई, टीव्हीला ऐकू जात नाही."

पण माझं चित्त काही थाऱ्यावर येईना. आमच्या या घराची पायाभरणी झाली तेव्हा गुरुजींनी पंचरत्नं ठेवली, आणि मी सगळ्यांची नजर चुकवून माझ्या गेलेल्या आईची जोडवी उंबऱ्याच्या जागी पुरली. तीही इथे राहावी, एवढंच मनात होतं. पुढच्या महिन्यात हे घर पाडून इमारत होणार आहे.

शेवटी सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "मग आणू या की तसलं यंत्र. काढू या जोडवी."

काढू या म्हणे! घराला दिलेलं परत कसं मागायचं? आणि नाही मागितलं, तर आई ढिगाऱ्याबरोबर ट्रकमधून जाणार. सकाळपासून दहादा आत-बाहेर केलं मी. दर वेळी उंबऱ्याशी पाय अडतो. वाटतं, आता खालून त्या यंत्रासारखं कुंईकुंई वाजेल.