घरच्यांना दिलेली सूट

भावाबहिणीचं ते भांडण त्यांच्या आईने, वनमालाबाईंनी, गॅस बारीक करून ऐकलं होतं. नितेशचा आवाज कधी चढत नसे, त्या दिवशी चढला. श्रुतिकाच्या पायाला प्लास्टर, म्हणून ती घरूनच इस्पितळाची बिलं करायची. आणि तिचा मेल उघडेना. अडवणारा कोण, तर सख्खा भाऊ.

नितेश त्याच इस्पितळाचा मेल सर्व्हर सांभाळायचा. तिथे दिवसभर कुणी ना कुणी उपटसुंभ पासवर्ड आजमावत बसलेला. म्हणून त्याने बंदोबस्त केला होता. कुणी शिरू लागलं की त्याचा इंटरनेटचा पत्ता जगभरच्या बदनाम पत्त्यांच्या यादीशी ताडायचा. यादीत सापडला की पासवर्डही न विचारता परत. स्थळ आलं की आपण आधी गावात चौकशी करतो, तसंच. आता त्या यादीत भांडुपची त्यांचीच चाळ आली होती. सगळ्या खोल्यांना केबलवाल्याची एकच वायर, म्हणून पत्ताही एकच.

"आपल्या चाळीत चोर कोण रे? धोंडूकाका?" श्रुतिका म्हणाली.

"उगाच नाही येत यादीत. थांब, शोधतो."

"शोध तू. तोवर माझी नोकरी जाऊ दे."

वनमालाबाई मध्ये पडल्या. बहिणीला दाराबाहेर ठेवणारा भाऊ मी नाही बघितला, म्हणाल्या. सकाळी नितेशने चाळीच्या पत्त्याला सूट दिली.

चोर खरंच धोंडूकाकांकडे होता. चप्पलचोर सापडावा म्हणून त्यांनी दारावर स्वस्तातला कॅमेरा लावलेला, तो केव्हाच कुणा परक्याच्या ताब्यात गेला होता. सूट मिळाल्यावर त्यातून पासवर्ड आजमावता आजमावता इस्पितळातल्या एका कारकुनाचा पासवर्ड फुटला आणि इस्पितळाच्या नावाने गावभर घाण मेल सुटले. मग इस्पितळच बदनाम यादीत गेलं, त्यांचे मेल कुणी घेईना. चोर कुठून शिरला ते नितेशने सगळीकडे शोधलं, घराची बाजू सोडून. तेवढ्यात नाहूरच्या एका बाईचा रक्ताचा रिपोर्ट तिच्या डॉक्टरांना पोचला नाही. बाई गेली. रिपोर्ट पोचता तर वाचली असती का, कुणी सांगत नाही.

शेवटी माग चाळीपर्यंतच आला, तेव्हा सूट मीच दिली, असं नितेशने साहेबांना सांगितलं. आईचं, बहिणीचं नाव काढलं नाही. त्याला त्याच दिवशी नोकरी सोडून जायला सांगितलं.

संध्याकाळी इस्पितळातून निघण्याआधी त्याने चाळीची सूट काढून टाकली. लगेच श्रुतिकाचा फोन, मेल पुन्हा बंद झाला म्हणून.

"उद्यापासून रिक्षाने ऑफिसला जा," तो म्हणाला. "मी सोडेन तुला."

मग रोजच्यासारखी त्याने परत पाठवलेल्या पत्त्यांची नोंद उघडली. सगळ्यात वर त्यांचीच चाळ होती. त्याने नोंद खालपर्यंत वाचली, पंखा बंद केला आणि सर्व्हरच्या खोलीची चावी वॉचमनकडे दिली.